गुरुजी येतात कसे आणि जातात कसे

मे महिना संपत आला म्हणजे बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत गावोगावी निरोपसमारंभ होऊ लागतात. शाल, श्रीफळ आणि गौरवाचे चार शब्द स्वीकारून जुने गुरुजी निवृत्त होतात. जूनमध्ये शाळा उघडली की मुले घरी येऊन विचारतात, "आता आमच्या वर्गावर कोण?" पालक हाच प्रश्न मुख्याध्यापकांस विचारतात, मुख्याध्यापक पंचायत समितीचे नाव सांगतात आणि पंचायत समिती पुण्याच्या जिल्हा परिषदेकडे बोट दाखविते. शिक्षकाची नेमणूक, निवृत्ती व राजीनामा या तीन गोष्टी कोणत्या नियमांनी चालतात, हे ठाऊक असल्यास हा प्रश्न योग्य वेळी व योग्य ठिकाणी विचारता येईल. म्हणून तो विषय वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडे पूर्ववृत्त. खेड्यांतील शाळांच्या खर्चासाठी मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्यास प्रारंभ झाला, आणि त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला. म्हणजे शाळेचा खर्च अंशतः शेतकऱ्याच्याच खळ्यातून निघत असे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शिक्षकाच्या नेमणुकीचा प्रश्न स्पष्टपणे मांडला. शिक्षक शक्य तो शेतकरीवर्गातील असावा व त्याने लोकांत मिसळून वागावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षण घेतलेल्या शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे आणि मोठ्या गावी ते १५ किंवा २० रुपये असावे, असेही त्यांनी सुचविले. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण लोकल बोर्डांकडे गेले, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. आज जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नेमणूक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या अधिकारात होते. तालुक्यात गटशिक्षणाधिकारी व त्यांच्या हाताखालील केंद्रप्रमुख शाळांवर देखरेख ठेवितात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शाळेत शिक्षक किती असावेत, हे मुलांच्या संख्येवरून ठरते. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक प्रमाण घालून दिले आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार, असे ते प्रमाण होय. राज्यशासन आपल्या आदेशांनी याचे बारकावे वेळोवेळी ठरविते. ३० सप्टेंबर रोजी पटावर असलेल्या मुलांवरून प्रत्येक शाळेची पदे मंजूर होतात, आणि या मंजुरीस संचमान्यता असे म्हणतात. पट घटला तर शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत पाठविला जातो, आणि वाढला तर नवे पद मिळते. सारांश, पद हे शिक्षकाच्या किंवा कार्यालयाच्या मालकीचे नसून पटावरील मुलांमुळे अस्तित्वात येते.

पटाला एवढे महत्त्व असल्यामुळे काही ठिकाणी खोटी नावे चढविण्याचा मोह उत्पन्न झाला. म्हणून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. त्यानंतर मुलांच्या नोंदी संगणकावर व आधार क्रमांकाशी जोडून ठेवण्याकडे शासनाचा कल वाढला. यामुळे खोटी नावे गळू लागली हे इष्टच झाले. परंतु खरे मूल असून त्याची नोंद अपुरी राहिली, तर त्याचा तोटा साऱ्या वर्गास सोसावा लागतो.

आमच्या दोन तालुक्यांत या तारखेचा एक विशेष परिणाम दिसतो. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती हे साखर कारखाने दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू करितात. त्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बैलगाड्या व बिऱ्हाडे घेऊन येतात. त्यांची मुले आपल्या शाळांच्या आसपास राहू लागतात, पण ३० सप्टेंबरची मोजणी तोपर्यंत आटोपलेली असते. गावाकडे त्यांची नावे पटावर असतात आणि बाके रिकामी असतात. येथे मुले असतात, पण त्यांच्या नावाचे पद नसते. येथील शिक्षक त्या मुलांस वर्गात बसवून घेतो, तेव्हा मंजूर संख्येपेक्षा अधिक भार तो आपल्या खांद्यावर घेत असतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

नेमणुकीची वाट बरीच लांब आहे. जो विद्यार्थी पुढे प्राथमिक शिक्षक होऊ इच्छितो, त्याने बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापन पदविका घ्यावी लागते. केवळ बी. एड. पदवी पहिली ते पाचवीसाठी पुरेशी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. महाराष्ट्रात ती परीक्षा प्रथम २०१३ साली झाली. यापुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. तिचे गुण २०० असून त्यांपैकी १२० अभियोग्यतेस व ८० बुद्धिमत्तेस आहेत. त्या गुणांवरून, बिंदूनामावलीप्रमाणे आरक्षण सांभाळून, पवित्र नावाच्या शासकीय संगणकप्रणालीवरून निवड होते. निवड झालेला उमेदवार पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करितो. ही योजना २००० साली सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले, आणि जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये करण्यात आले. तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाली म्हणजे तो नियमित वेतनश्रेणीत येतो.

निवृत्तीचा नियम याहून पुष्कळ सोपा आहे. प्राथमिक शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी, ज्या महिन्यात ते वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवामुक्त होतो. मात्र ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो मागील महिन्याच्या अखेरीस जातो. मे महिन्यात निरोपसमारंभांची गर्दी का होते, याचे गमक येथे आहे. पूर्वी खेड्यात मुलाच्या जन्माची नोंद क्वचितच असे. जूनमध्ये नाव घालावयास आलेल्या मुलाकडे पाहून गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवीत व तारीख १ जून अशी लिहीत. तीच मुले पुढे शिक्षक झाली, आणि आपल्या गुरुजींनी लिहिलेल्या त्या तारखेमुळे आज ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत! याखेरीज २० वर्षांची अर्हतादायी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेल्यांस जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू आहे. त्यानंतर नेमलेल्यांसाठी अंशदानाची नवी पद्धत आली, आणि जुनी पद्धत परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर मोठा संप झाला.

राजीनाम्यासंबंधी खाजगी अनुदानित शाळांचे नियम मनन करण्याजोगे आहेत. १९७७ चा कायदा व १९८१ ची नियमावली यांत ते दिले आहेत. राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोहोंवर सही व तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे धाडावी व दुसरी आपल्यापाशी ठेवावी, असा दंडक आहे. कोणी बळजबरीने राजीनामा लिहवून घेऊ नये, हा त्यातील हेतू उघड आहे. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची व इतरांनी एक महिन्याची नोटीस द्यावयाची असते. सुटीचा लाभ मिळणाऱ्या शिक्षकास सुटीत, किंवा सुटीचे दिवस मुदतीत धरून, नोटीस देता येत नाही. तसेच वर्षाच्या पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यातही ती देण्यास मनाई आहे. याचा अर्थ इतकाच की, शिक्षकास जाण्याचे स्वातंत्र्य आहे, परंतु वर्ग अर्ध्यावर टाकून जाण्याचे नाही. ज्या कोणी हा नियम लिहिला, त्याच्या डोळ्यांपुढे बाकावरील मूल असले पाहिजे.

अलीकडे सेवेतून बाहेर पडण्याचे आणखी एक कारण उत्पन्न झाले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, अन्यथा त्यांस सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांस निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण परीक्षेवाचून बढती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठापुढे जावा, असे न्यायालयाने सुचविले. वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या गुरुजींस पुन्हा परीक्षेस बसावे लागणे हे कित्येकांस जड वाटते. तथापि या निकालानेही दोन वर्षांची मुदत आखून दिली आहे, हे लक्षात घ्यावे.

आता वरील सर्व नियम एकत्र ठेवून पाहू. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. राजीनाम्याला नोटीस असते. परीक्षेला मुदत असते. परंतु नव्या शिक्षकाच्या येण्याला अशी ठरलेली तारीख नाही. अभियोग्यता चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि तिच्यावरील पहिली निवडयादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. दुसरी चाचणी २०२३ च्या आरंभी झाली आणि तिची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिसरी चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये घेण्यात आली. तिकडे ३१ मे मात्र दरवर्षी न चुकता येतो. जाण्याला तारीख आहे आणि येण्याला नाही, या एका विसंगतीतून रिकाम्या खुर्चीचा सारा प्रश्न निर्माण होतो.

या विसंगतीची झळ लहान शाळेस सर्वांत अधिक लागते. वाडीवस्तीवरील दोन शिक्षकांची शाळा घ्या. पहिली ते चौथी असे चार वर्ग असल्यास प्रत्येकाकडे दोन वर्ग येतात. एक गुरुजी निवृत्त झाले की चारही वर्ग एकाकडे येतात. त्या एकास तालुक्याच्या बैठकीस बोलावले, किंवा तो आजारी पडला, तर शेजारच्या शाळेतून कोणी येईपर्यंत मुले स्वतःच पाढे म्हणत बसतात. शिक्षणहक्क कायदा सांगतो की कोणत्याही शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावीत. साऱ्या जिल्ह्याची बेरीज मांडली तर एक रिकामे पद क्षुल्लक वाटते. परंतु दोन शिक्षकांच्या शाळेत एक पद रिकामे म्हणजे पन्नास टक्के. अर्थात, कायद्याचे अक्षर पाळावयाचे तर लहान शाळेत एकही पद रिकामे ठेवता येत नाही. दुसरीतले वर्ष मुलास एकदाच मिळते. पुढील वर्षी शिक्षक आला तरी ते वर्ष परत येत नाही.

मग पालकांनी काय करावे? पहिली गोष्ट, मुलाचे नाव, जन्मतारीख व आधारची नोंद ३० सप्टेंबरपूर्वी बिनचूक आहे ना, हे शाळेत जाऊन पाहावे. दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस हजर राहावे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात, पण कित्येक ठिकाणी हा अधिकार सहीपुरताच उरला आहे. तिसरी गोष्ट, येत्या मे महिन्यात आपल्या शाळेतून कोण निवृत्त होणार, हे दिवाळीपूर्वीच विचारून घ्यावे व बदली शिक्षकाची मागणी समितीच्या ठरावाने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. जूनमध्ये शाळेला कुलूप लावण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये दिलेला एक अर्ज अधिक शहाणपणाचा होय. चौथी गोष्ट, जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज इतर कामांस शिक्षकास जुंपू नये असे कायदा सांगतो. उरलेल्या एका शिक्षकाचा वेळ तरी वर्गातच खर्च व्हावा, असा आग्रह गावाने धरावा.

विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगतो की, शाळेच्या हजेरीपटावरील तुमचे नाव ही केवळ शाईची रेघ नव्हे. त्या नावाच्या आधारावर तुमच्या गुरुजींचे पद उभे आहे. आज नियमाने शाळेत येणारा विद्यार्थी आपल्या मागून येणाऱ्या मुलांचाही शिक्षक राखून ठेवीत असतो. आणि तुमच्यापैकी ज्यांस शिक्षक व्हावेसे वाटते, त्यांनी वाट लांब आहे म्हणून माघार घेऊ नये, कारण निमगाव केतकी असो वा मोरगाव, तेथील मुले कोणाची तरी वाट पाहत आहेत.