कापडी टप की पक्के छप्पर?

गेल्या महिन्यात राउंड संपल्यावर आमच्या एका इंटर्नने विचारले, "सर, मामाची जुनी सॅन स्टॉर्म मला मिळतेय. गॅरेजवाला म्हणतो, कापडी टप काढून फायबरचे पक्के छप्पर बसवू, गाडी जास्त पळेल. बसवू का?"

सॅन स्टॉर्म आठवते? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, गोव्यात तयार होणारी दोन माणसांची छोटी स्पोर्ट्‌स कार. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचे 1.2 लिटरचे इंजिन, ताकद साधारण 60 अश्वशक्ती. रस्त्यात दिसली तर अजूनही माना वळतात.

"जास्त पळेल" म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवायला हवे. सिग्नल सुटल्यावर गाडी किती झटकन उचलते, तो पिकअप. तो ठरतो इंजिनाची ताकद आणि वजन यांवर. समजा, चालकासह गाडी 900 किलोची आहे आणि पक्क्या छपराने 30 किलो वाढले. वजन सुमारे 3 टक्क्यांनी वाढले, म्हणजे ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठायला 15 सेकंद लागत असतील तर आता अर्धा सेकंद जास्त लागेल. म्हणजे पिकअप वाढणार नाही, किंचित कमीच होईल. कंपन्यांनाही हे गणित चुकत नाही. 2006 मध्ये माझदाने एमएक्स-5 या छोट्या गाडीला घडी होणारे पक्के छप्पर दिले, तेव्हा वाढ सुमारे 37 किलोंवर रोखली आणि त्याचा अभिमानाने गवगवा केला.

वाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. अशा आकाराच्या गाडीला ताशी 40 च्या वेगाला हवा कापायला एक अश्वशक्तीही लागत नाही. 100 ला साधारण 11 लागतात आणि 140 ला तीसच्या वर. टप उघडा असेल तर काचेवरून आलेला वारा सीटमागे कोसळतो, भोवरे होतात. उघड्या गाडीत केस मागे न उडता तोंडावर येतात ते यामुळेच. टप लावला तरी वेगात कापड फुग्यासारखे वर येते, कारण छपरावरून धावणाऱ्या हवेचा दाब आतल्यापेक्षा कमी असतो. वादळात घराचे पत्रे उडतात, त्यामागचे एक कारण हेच.

उघड्या टपाने हवेचा विरोध 10 टक्क्यांनी वाढला असे धरू. 40 ला तो जाणवणारही नाही. गाडीचा कमाल वेग 150 असेल तर तो 145 च्या आसपास येईल. आता सांगा, कर्वे रस्त्यावर 145? एक्स्प्रेसवेवर मर्यादाच 100 ची आहे. छपराचा फायदा सुरू होतो तिथे आपल्याला जाण्याची परवानगीच नाही.

डॉक्टर म्हणून मला छपराची काळजी वेगळ्या कारणाने वाटते. पहिली गोष्ट कानांची. महामार्गाच्या वेगाला उघड्या गाडीत 85 डेसिबलच्या वर आवाज मोजला गेला आहे. रोज आठ तास सोसण्याची मर्यादा तेवढीच मानतात. थोड्या वेळाने बहिरेपण येत नाही, पण लांबच्या प्रवासात कानात बोळे घालावेत किंवा टप लावावा.

दुसरी गोष्ट डोक्याची. गाडी उलटली तर कापड डोके वाचवत नाही, हे सगळ्यांना कळते. गॅरेजात चिकटवलेले फायबरही वाचवत नाही, हे मात्र कळत नाही. मुळात उघडी म्हणून घडवलेल्या गाडीत भार पेलणारे खांब नसतात. कवटी फुटलेली मुले मी अपघात विभागात तीस वर्षे पाहतोय, त्यामुळे पक्के छप्पर दिसल्यावर चालकाच्या पायात येणारा खोटा धीर मला जास्त भिववतो. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते.

हे सगळे कॅन्टीनमध्ये कागदावर आकडे मांडून सांगितले. तो खट्टू झाला, पण चहाचे पैसे त्यानेच दिले. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, टप तोच ठेवला, फक्त कापड नवे टाकले. जुने पावसात गळत होते."