मोठा रस्ता न ओलांडता शाळेत!

बालमित्रांनो, शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का तुम्हाला? फुलसावंगीसारख्या गावात ट्रक, एसटी, ट्रॅक्टर चुकवत दप्तर सांभाळून पलीकडे जायचं म्हणजे आईच्या जिवाला घोरच! वस्ती उभारतानाच कुणी या रस्त्याचा विचार केला असता तर?

सोव्हिएत संघात तसा विचार झाला होता, बरं का! दुसऱ्या महायुद्धात तिथली कितीतरी शहरं उद्ध्वस्त झाली. शहरांत एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं आणि चार-पाच कुटुंबांत स्वयंपाकघर एकच! म्हणून 1950 नंतर झटपट घरं बांधायची मोहीम निघाली. भिंती कारखान्यात तयार करायच्या, क्रेनने उचलून जागेवर बसवायच्या. बऱ्याच इमारती पाचच मजली. का? आणखी उंच केल्या तर लिफ्टचा खर्च वाढला असता!

खरी गंमत होती नकाशात. अशा वस्तीला म्हणत ‘मिक्रोरायॉन’, म्हणजे छोटा विभाग. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने. आत घरं, झाडं, खेळायची जागा, दुकानं, बालवाडी आणि शाळा. शाळा साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आत. मुलं चालत निघाली, तरी गाड्यांची भीती कमी.

सगळंच छान होतं असं नाही. स्वयंपाकघर इवलंसं आणि इमारती इतक्या सारख्या, की नवख्याला घर सापडेना! मॉस्कोत 2017 मध्ये अशी जुनी घरं पाडायची मोठी योजना आली, तेव्हा काही रहिवाशांनी मात्र विरोध केला.

आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधलं भिलाई पाहा. सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभारायचा करार 1955 मध्ये झाला आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. कामगारांसाठी नवं नगर वसलं. तिथल्या बऱ्याच वस्त्यांना नंबर आहेत: सेक्टर 1, सेक्टर 2... घरं मॉस्कोसारखी नाहीत. पण घराजवळ शाळा, बाजार, दवाखाना हवा, ही कल्पना तीच.

आता तुमची पाळी! कागदावर घर ते शाळा रस्ता काढा. पावलं मोजा. जिथे भीती वाटते तिथे लाल फुली मारा. तो नकाशा आईबाबांना दाखवा आणि ग्रामसभेत न्यायला सांगा. गाव नव्याने वसवता येत नाही. पण एक गतिरोधक तर नक्की मागता येतो!