दारं धरायचं काम

पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, हे शाळेत शिकलो होतो. तो ताप कसा असतो, ते कुंडलच्या शिवारात कळलं. मी तेव्हा आठवीत होतो. विहीर सामाईक, पाणी पाळीनं. उन्हाळ्यातल्या एका रात्री शेजारच्या तात्यांची पाळी असताना मी पाट फोडून पाणी आमच्या उसात घेतलं. तात्यांची मिरची त्याच दिवशी लावलेली. सकाळी रोपांनी माना टाकल्या होत्या.

वडिलांनी मला त्यांच्यापुढं उभं केलं. मी ‘चुकलो’ म्हणालो. तात्या वडिलांना म्हणाले, “पुढच्या पाळीला आमची दारं ह्योच धरंल. एकटा. तुमी यायचं न्हाई, मी बी न्हाई.” गेलेल्या रोपांच्या नांग्या मी भरल्याच, ते सोपं होतं. पण खोरं घेऊन अंधारात एकट्यानं उभं राहिलो, तेव्हा हाताशी आमचाच ऊस होता आणि बघायला कुणी नव्हतं. त्या रात्री मी पाट चारदा तपासला.

पुढं स्वतंत्रपूरविषयी वाचताना ती रात्र आठवली. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. त्याच संस्थानात, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये कैद्यांची ही मुक्त वसाहत वसवली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथं भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमांचं काही शिक्षण कुंडलातच झालेलं. ज्या हातांनी गुन्हा केला त्याच हातांत पुन्हा विळा-कुऱ्हाड द्यायची, ही यातली अवघड गोष्ट. नुसती शिक्षा माफ करणं त्यामानानं स्वस्त.

आमच्या गावाला दुसरी रीतही ठाऊक आहे. प्रतिसरकारच्या काळात कुंडल हे चळवळीचं मोठं केंद्र होतं. न्यायमंडळं गावातले तंटे गावातच मिटवत. गुंडांना आणि खबऱ्यांना मात्र तळपायावर मार बसे; लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हे नाव रुळलं ते त्यामुळंच. तो काळ लढाईचा होता. आज घरात बसून त्या माणसांना नावं ठेवायला माझं मन धजत नाही. पण माराच्या भीतीनं माणूस थांबतो. त्याला आतून ताप होतोच असं नाही.

संस्कृतात ‘क्षमा’ हे पृथ्वीचंही नाव आहे. क्षम् म्हणजे सोसणं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तात्या जैन. कुंडलच्या डोंगरावरची पार्श्वनाथाची स्थानं जुनी, यात्रेकरू दुरून येतात. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी येते. त्या दिवशी वर्षभरातल्या कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल एकमेकांची क्षमा मागतात. त्या वर्षी तात्या आमच्याही दारात आले. वडिलांपुढं हात जोडले, मग माझ्याकडं वळून माझ्यापुढंही जोडले. मी गडबडून मागं सरलो. चूक तर माझी होती.

“आरं, त्या टायमाला मनातनं लई शिव्या घातल्या तुला,” तात्या म्हणाले. मग चहा न घेताच निघाले. त्यांना अजून चार घरं गाठायची होती.