धूळ झाडणाऱ्यांनी घडवले श्वासाचे यंत्र

मार्च २०२० चा महिना कोण विसरेल? ९ तारखेला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित आढळले आणि २५ तारखेपासून सारा देश दाराआड गेला. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा आपला कारखान्यांचा पट्टा. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे लेथ, प्रेस व जुळणीकाम करणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांनी हा मुलूख गजबजून गेला. तेथील पाळ्या आणि यंत्रांची घरघर एका रात्रीत थांबली. मोठ्या कारखानदाराजवळ गंगाजळी असते. पण ज्याचा गाडा महिन्याच्या बिलांवर चालतो, त्या लहान धंदेवाल्याने अशा वेळी काय करावे?

पुण्यातल्याच एका चिमुकल्या कंपनीने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते ऐकण्यासारखे आहे. तिचे नाव नोक्का रोबोटिक्स. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकलेल्या निखिल कुरेले आणि हर्षित राठोर या तरुणांनी ती काढली होती. धंदा सूर्यशक्तीशी निगडित, पण जरा निराळा. सौरपट्ट्यांवर धूळ साचली की वीज कमी निघते, आणि ती धुवायची तर पाणी लागते. जेथे ऊन मुबलक तेथे पाण्याचा बहुधा दुष्काळ! म्हणून या मंडळींनी पाण्याच्या थेंबाशिवाय पट्टे साफ करणारे यंत्र बनवले. वर्षाची उलाढाल अवघी सत्तावीस लाखांची, काम करणाऱ्यांचे सरासरी वय सव्वीस.

टाळेबंदीत हे काम थंडावले. उलट इस्पितळांत व्हेंटिलेटरची चणचण भासू लागली. साऱ्या देशात मिळून ही यंत्रे अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास असावीत, असा त्या वेळचा अंदाज होता. परदेशातून मागवावी, तर तेथेही तीच ओढाताण. तेव्हा या तरुणांनी ठरवले की आपणच व्हेंटिलेटर बनवू.

धूळ झाडण्याचे यंत्र कोठे आणि श्वासाचे यंत्र कोठे, असे कोणीही म्हणेल. परंतु थोडा विचार केला तर दोहोंत नाते दिसते. दोन्हींत मोटर नेमकी चालवायची असते, संवेदकांकडून खबर घ्यायची असते आणि त्या खबरीवर क्षणात निर्णय घ्यायचा असतो. मात्र चुकीची किंमत सारखी नाही. पट्टा मळका राहिला तर थोडी वीज जाईल. येथे चूक झाली तर माणूस जाईल.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुलते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. व्हेंटिलेटर उलट हवा आत ढकलतो. ती कमी ढकलली तर प्राणवायू पुरत नाही, जास्त ढकलली तर नाजूक फुप्फुसाला इजा होते. श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राखावा लागतो. पार चिकटलेला फुगा पुन्हा फुगवताना किती जोर लागतो, हे घरातल्या मुलांना विचारा. फुप्फुसातील वायुकोशांचेही तसेच आहे.

हे शास्त्र केवळ पुस्तकातून येणार नव्हते. कानपूरचे प्राध्यापक अमिताभ बंद्योपाध्याय आणि उद्योजक श्रीकांत शास्त्री यांनी अनुभवी माणसांची फळी त्यांच्या पाठीशी उभी केली. बंगळूरच्या नारायणा हेल्थमधील डॉ. दीपक पद्मनाभन यांच्यासारखे वैद्य सल्ल्याला होते. दुकाने बंद, कारखाने बंद, मालवाहतूक खोळंबलेली. दाब मोजणारे संवेदक नेहमीच्या वाटेने मिळेनात, तेव्हा ड्रोन बनवणाऱ्यांकडे वापरले जाणारे संवेदक मिळवण्यात आले. आठ हजार चौरस फुटांच्या जागेत नमुना तयार झाला आणि कृत्रिम फुप्फुसावर त्याची पारख सुरू झाली.

पन्नास हजार रुपयांत साधे यंत्र द्यावे, ही आरंभीची कल्पना. पण अत्यवस्थ रोग्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला स्वस्ताईपेक्षा भरवसा हवा असतो. घाईने केलेली कामचलाऊ यंत्रे इस्पितळात कोपऱ्यात पडून राहतात, हेही त्या काळात देशाने पाहिले. त्यामुळे अखेर जे यंत्र बाहेर पडले, ते ‘नोकार्क व्ही ३१०’, अतिदक्षता विभागात चालेल असे होते. सुमारे नव्वद दिवसांत हे घडले. शास्त्री आणि बंद्योपाध्याय यांनी पुढे ‘द व्हेंटिलेटर प्रोजेक्ट’ या पुस्तकात ही हकिकत सांगितली आहे.

पुढे ही कंपनी वैद्यकीय उपकरणांची म्हणूनच ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे असेच वळले होते. धंदा बदलला तरी हातातली विद्या वाया जात नाही. मात्र नव्या कामाची जबाबदारी नव्याने शिकावी लागते. नोकरी करावी की स्वतःचे काही काढावे, अशी चर्चा ज्या घरांत फराळाच्या ताटांभोवती चालते, तेथे या तरुणांची गोष्ट जरूर निघावी. त्यांचे धाडस तर सांगावेच; पण डॉक्टरांपुढे शिष्य होऊन बसण्याची त्यांची तयारी आधी सांगावी.