धुतल्यावरही न जाणारा घामाचा वास: समज आणि वस्तुस्थिती

विरार पूर्वेच्या चांदीप, मांडवी, पारोळ या पट्ट्यात मे महिन्यात सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटतो. जूनच्या मध्यापासून तोच शर्ट दोरीवर दोन-दोन दिवस ओला राहतो. विरारहून लोकल पकडून चर्चगेट गाठणारे, वीटभट्टीवर राबणारे, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे, या सगळ्यांच्या घरी एकच तक्रार ऐकू येते: कपडा रोज धुतो, वाळल्यावर वासही येत नाही, पण अंगात घालून अर्धा तास झाला की तोच जुना दर्प पुन्हा हजर. मग पावडर दुप्पट होते, डेटॉल येतं, तुरटी फिरवली जाते, व्हिनेगर-सोड्याचा फेस काढला जातो. वास मात्र जात नाही, आणि शेवटी दोष माणसाच्या माथी मारला जातो. ज्याच्या कपड्याला वास येतो तो अस्वच्छ, हा या विषयातला सर्वांत दुखावणारा गैरसमज आहे. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही हा त्रास होतो. त्याची कारणं कापडात, पाण्यात आणि धुण्याच्या पद्धतीत आहेत.

“घामालाच वास असतो”

अंगभर सुटणारा घाम म्हणजे जवळजवळ 99 टक्के पाणी आणि उरलेलं बहुतेक मीठ. ताजा असताना त्याला फारसा वास नसतो. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिनं व स्निग्ध पदार्थ असतात. सात वर्षांचं पोर दिवसभर उन्हात खेळूनही घामट वासाचं होत नाही आणि तेच चौदाव्या वर्षी होतं, त्याचं कारण हे. त्या स्रावालाही सुरुवातीला वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा दर्प तयार होतो. काखेतल्या ‘स्टॅफिलोकॉकस होमिनिस’ नावाच्या जिवाणूत हे काम करणारं एन्झाइम कसं असतं, ते इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये उलगडून दाखवलं. त्यातून निघणारे गंधकयुक्त पदार्थ इतके उग्र असतात की त्यांचा नाममात्र अंशही नाकाला कळतो.

कपड्याच्या बाबतीत तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे त्वचेतून झिरपणारं तेल. घाम पाण्यात विरघळून निघून जातो, तेल धाग्याला धरून राहतं. वासाचे पदार्थ त्या तेलात मुरतात आणि जिवाणूंना त्यातच खाद्य मिळतं. म्हणून हट्टी वासाशी लढताना वासाच्या मागे लागून उपयोग नाही, तेल काढावं लागतं. पुढचा प्रत्येक उपाय याच कसोटीवर घासून पाहायचा.

“कापड कुठलंही असो, धुणं सारखंच”

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात 2014 साली एक साधा प्रयोग झाला. 26 निरोगी माणसांना टी-शर्ट घालून तासभर जोरात सायकलिंग करायला लावलं, मग ते टी-शर्ट 28 तास तसेच ठेवून हुंगले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांचा वास सुतीपेक्षा स्पष्टपणे वाईट ठरला. शिवाय पॉलिएस्टरवर ‘मायक्रोकॉकस’ जातीचे जिवाणू फोफावलेले सापडले, जे सुतावर तितके वाढत नाहीत.

सूत हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. पाण्याशी न जमणाऱ्या या धाग्याचं तेलाशी मात्र चांगलं जमतं. सुती शर्ट घाम पोटात घेतो आणि धुताना बराचसा सोडून देतो. पॉलिएस्टरवर घाम वरच्या वर राहतो, तेल धाग्याला घट्ट बसतं आणि दर धुण्यात थोडं थोडं शिल्लक राहत जातं.

हे घरी पडताळता येतं. जुनी क्रिकेटची जर्सी किंवा मॅरेथॉनमध्ये मिळालेला टी-शर्ट उलटा करा आणि काखेच्या शिवणीवरून बोट फिरवा. बाकीचा कपडा मऊ असतो, तो तळहाताएवढा भाग मात्र जरा कडक आणि मेणचट लागतो, उजेडात धरला तर किंचित चकाकतो. त्यावरून गरम इस्त्री फिरवा. वाफेबरोबर जो दर्प वर येतो तो आजचा नाही, कित्येक धुण्यांतून वाचलेला आहे. अंगाच्या उबेने घडतं तेही हेच. वाळलेला, थंड कपडा हुंगून “गेला बुवा वास” म्हणणं म्हणूनच घाईचं ठरतं.

“गरम पाण्यात उकळलं की प्रश्न मिटला”

हा समज परटाच्या भट्टीतून आला आणि त्या काळी तो खराही होता. कपडे सुती असायचे, खारवलेल्या पाण्यात वाफवले जायचे. खाराने तेल सुटायचं, उष्णतेने जिवाणू मरायचे. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर हेच तंत्र पिढ्यान् पिढ्या चाललं. आजच्या कपाटात पॉलिएस्टर, टेरिकॉट आणि इलास्टिक आहे. उकळत्या पाण्यात इलास्टिक सैल पडतं आणि पॉलिएस्टरला पडलेल्या चुण्या बसून राहतात. चांगल्या पावडरीत डाग फोडणारी एन्झाइमं असतात, तीही उकळत्या पाण्यात निकामी होतात.

पण थंडगार पाणी हाही इलाज नाही. अंगाचं तेल थंड पाण्यात थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजून बसतं. हाताला सोसेल असं कोमट, साधारण 40 अंशांचं पाणी घामाच्या कपड्यांना सर्वांत मानवतं. टॉवेल, चादरी, सुती बनियन आणि आतले कपडे यांना मात्र 60 अंशांचं पाणी अधूनमधून जरूर द्यावं. घरात कुणाला गजकर्ण झालं असेल तर त्याचे कपडे आणि टॉवेल वेगळे आणि गरम पाण्यातच धुवावेत.

“पावडर वाढवली की कपडा जास्त स्वच्छ”

आपल्या भागात या समजाची मुळं पाण्यात आहेत. सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं तरी वसई-विरारमध्ये आजही कितीतरी घरं बोअरवेलवर आणि टँकरवर धुणं उरकतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाचा मोठा वाटा या क्षारांशी झुंजण्यातच खर्ची पडतो, फेस येत नाही, म्हणून आणखी टाकला जातो. साबण आणि क्षारांचा मिळून जो पांढरट चोथा होतो तो कपड्यातच अडकतो. दोन बादल्यांत तो निघत नाही आणि तिसरी बादली टंचाईत परवडत नाही. राहिलेली पावडर तेलाला आणि मळाला धरून ठेवते. कपडा कडक होतो, काळपट पडतो आणि वास उलट वाढतो.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: धुण्याचा सोडा. तो पाण्यातले क्षार बाजूला काढतो, म्हणजे पाणी हलकं होतं, आणि स्वतः चांगला अल्कधर्मी असल्यामुळे तेलही सोडवतो. खाण्याच्या सोड्यात ही ताकद नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू 8 च्या जरा वर असतो, धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास. सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतलं की दोघांत किती अंतर आहे ते कळेल. दुकानात मागताना म्हणून नाव नीट सांगा. धुण्याचा सोडा हाताची कातडी सोलवटतो, तेव्हा हातमोजे घाला, आणि रेशीम व लोकर त्यापासून लांब ठेवा.

तुरटीबद्दलही इथेच सांगायला हवं. टँकरचं गढूळ पाणी निवळायला तुरटी उत्तम. अंघोळीनंतर काखेत फिरवली तर जिवाणूंना आवरते, हेही खरं. पण धुण्याच्या बादलीत साबणासोबत तुरटी टाकू नका. साबणाशी तिचा चिकट, न विरघळणारा साका होतो आणि तो कपड्यावरच बसतो.

“व्हिनेगर आणि सोडा एकत्र केला की दुप्पट परिणाम”

व्हिडिओंमध्ये हा फेस फार देखणा दिसतो. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. आम्ल आणि खार यांनी एकमेकांना संपवलेलं असतं आणि बादलीत उरतं ते सोडियम ॲसिटेटचं जवळजवळ निरुपयोगी पाणी. दोन्ही वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी वापरले तर कामाचे आहेत. धुण्याच्या सोड्यासारखा खार तेल सोडवतो. पांढरं व्हिनेगर शेवटी, स्वच्छ खळबळून झाल्यावर वापरलं तर उरलेला साबण आणि क्षार काढतं. अर्ध्या बादलीला अर्धा कप पुरे. दर धुण्याला ते नको, इलास्टिक लवकर जातं.

आणि एक गोष्ट कृपा करून घरातल्या प्रत्येकाला सांगा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

ब्लीचचा तसाही या कामी फायदा कमी. पांढऱ्या बनियनच्या काखेतला पिवळा डाग बहुतेक वेळा घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधलं ॲल्युमिनियम आणि घाम यांच्या मिश्रणातून झालेला असतो. ब्लीचने तो आणखी गडद होण्याचीच शक्यता जास्त. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचने सगळा कपडाच गंजाच्या रंगाचा होतो.

बाकीच्या उपायांचा निकाल लवकर लागतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण धाग्यावर पातळ थर चढवतं. आतलं तेल त्याखाली कोंडलं जातं आणि पुढच्या वेळी साबण तिथवर पोचत नाही, म्हणून टॉवेल आणि खेळाच्या कपड्यांना ते वर्ज्य. डेटॉल जिवाणू मारतं, पण तेल तसंच ठेवतं, आणि काखेत नवे जिवाणू रोज तयार असतात. निळीने फक्त पांढरेपणा दिसतो. डांबराच्या गोळ्या एका वासावर दुसरा वास चढवतात. फ्रीजरमध्ये कपडा ठेवूनही काही साधत नाही, कारण थंडीने बहुतेक जिवाणू नुसते झोपतात. प्रयोगशाळांत ते जपून ठेवायला गोठवतातच.

“रात्रभर भिजवलं, उन्हात टाकलं, झालं”

कडक ऊन चांगलंच. ते कपडा झपाट्याने वाळवतं आणि जिवाणूंनाही मारतं. पण ते तेल काढत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ते मिळतही नाही. पावसात येणारा कुबट वास हा घामाच्या वासाहून निराळा. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये त्याचं मूळ ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ या जिवाणूत दाखवून दिलं. हा जिवाणू धुतलेल्या कपड्यावरही तग धरतो आणि कपडा ओला राहील तितका वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात कपडा किती तासांत वाळतो याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. मशीनमध्ये दोनदा पिळा, दोरीवर दोन कपड्यांत वीतभर जागा सोडा, खाली पंखा लावा. जाड कपडे उलटे करून, काख मोकळी राहील असे हँगरवर टांगा.

रात्रभर भिजवण्याची सवयही आपल्या हवामानात महागात पडते. साबणाचा जोर काही तासांत ओसरतो आणि कोमट, मळक्या पाण्यात सकाळपर्यंत जिवाणूंची पैदास होते. बादलीला सकाळी येणारा आंबूस वास त्याचाच. तास-दीड तास पुरेसा आहे. त्याहून वाईट म्हणजे घामाने निथळलेला शर्ट तसाच गोळा करून टोपलीत टाकणं. लगेच धुवायला जमत नसेल तर निदान पाण्यातून काढून दोरीवर टाकावा.

मग करायचं काय

जुना, मुरलेला वास काढायचा असेल तर सुट्टीच्या दिवशी हे करा. कपडा उलटा करा. काखेच्या भागाला भांडी घासायचं लिक्विड दोन-चार थेंब लावून मऊ ब्रशने हलकं चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. ते तेलासाठीच बनलेलं असतं. मग आठ-दहा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवून त्यात कपडा तासभर बुडवून ठेवा. पाणी पिवळट, ढगाळ झालेलं दिसेल; ते निघालेलं तेल आहे. हे पाणी फेकून, एन्झाइम असलेल्या पावडरीने, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, नेहमीसारखं धुवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. तरीही वास राहिला तर पुढच्या खेपेला सोड्याऐवजी ऑक्सिजनवाली डाग काढणारी पावडर कोमट पाण्यात वापरा. सुती आणि पॉलिएस्टर, दोन्हींना ती चालते. रंग पक्का आहे का ते आधी आतल्या शिवणीवर पाहून घ्या.

मशीनकडेही बघा. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या रबराच्या घडीत आणि फिल्टरमध्ये बुळबुळीत थर साचतो आणि धुतलेल्या कपड्यांना वास लावतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा आणि एरवी दार उघडं ठेवा.

इतकं करून एखादी चार-पाच वर्षांची पॉलिएस्टरची जर्सी सुधारली नाही, तर ती पुसायला घ्या. आणि कपडे बदलूनही अंगाचा वास अचानक वेगळा येऊ लागला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एक विनंती, शाळांच्या व्यवस्थापनाला, पालक-शिक्षक संघांना आणि कारखान्यांत गणवेश ठरवणाऱ्यांना. स्वस्त आणि चुरगळत नाही म्हणून शंभर टक्के पॉलिएस्टरचा पीटी टी-शर्ट किंवा वर्दी निवडताना, ती या किनाऱ्यालगतच्या दमट हवेत रोज आठ-दहा तास अंगावर राहणार आहे, हे ध्यानात घ्या. सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड निवडा आणि प्रत्येकाला किमान दोन जोड द्या. पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरा घालता आला पाहिजे. मुलाला वर्गात आणि कामगाराला खात्यात वासावरून टोमणे ऐकावे लागतात, त्यातले निम्मे तरी या एका निर्णयाने थांबतील.