क्युबिकल निवडताना कान आणि कोपर विसरू नका
क्युबिकल म्हणजे कमी जागेत माणसं कोंबण्यासाठी काढलेली युक्ती, असं सर्रास बोललं जातं. मूळ कल्पना उलट होती. अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये ‘ॲक्शन ऑफिस २’ आणलं. त्यातली पार्टिशनं १२० अंशांच्या ऐसपैस कोनात मांडायची आणि कामाप्रमाणे हलवायची होती. जागा वाचवायला कंपन्यांनी कोन ९० अंशांवर आणला आणि चौकोनी खुराडी झाली.

पार्टिशन उंच असलं की शांतता मिळते, हा समज सगळ्यात खर्चीक. बोलण्याचा आवाज पार्टिशनवरून जातो, छताला आपटतो आणि पलीकडे उतरतो. वर गुळगुळीत पीओपीचं छत आणि समोर काच किंवा सनमायका असेल, तर उंची वाढवून फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी छताला मिनरल फायबरच्या टाइल्स लावा, मग आवाज शोषणारा गाभा असलेली कापडी पॅनेल्स घ्या. विक्रेत्याला पॅनेलचा एनआरसी, म्हणजे ते किती आवाज शोषतं याचा आकडा, विचारा. तो शून्याजवळ असला तर आवाज परततो, एकाजवळ असला तर शोषला जातो.

पार्टिशनं काढून टाकली की माणसं जास्त बोलतात, हेही खरं नाही. बर्नस्टीन आणि टर्बन यांच्या २०१८ च्या अभ्यासात मोकळ्या कार्यालयात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल वाढले.

टेबलाच्या ‘स्टँडर्ड’ उंचीवर तर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. ७५० मिलिमीटर ही उंची पाच फूट उंचीच्या बाईला जास्त होते. कोपर टेबलाच्या पातळीत आणायला ती खुर्ची वर घेते, मग पाय लोंबकळतात. खुर्ची खाली ठेवली तर खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान धरते. भारतीय शरीरांची मापं उपलब्ध नाहीत असंही नाही; अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचं त्यावरचं पुस्तक १९९७ मध्येच छापलं. टेबल बदलणं परवडत नसेल, तर खाली सरकणारा कीबोर्ड ट्रे किंवा पायाखाली फूटरेस्ट द्या. फूटरेस्टचा खर्च किरकोळ असतो, तरी कोटेशनमध्ये पहिली कात्री त्यालाच लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

महागडी खुर्चीही याला उत्तर नाही. तिचे हात टेबलाच्या कडेला अडले, तर माणूस पुढे वाकूनच काम करतो. ऑर्डर देण्याआधी एकच क्युबिकल उभं करून घ्या आणि ऑफिसातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला त्यात एकेक दिवस काम करू द्या.