क्राउडस्ट्राइक संगणक बिघाड, जुलै २०२४

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी संगणक-सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि पुन्हा सुरू होईनासे झाले. ही संख्या मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार आहे. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. परंतु विमानतळ, रुग्णालये आणि बँका यांतील संगणक त्यांत असल्याने अनेक देशांत व्यवहार खोळंबले. या घटनेस 'मायक्रोसॉफ्टचा बिघाड' असे संबोधले जाते, ते यथार्थ नाही. आदल्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेत आलेली अडचण वेगळी होती.

कारण

कंपनीचे 'फाल्कन' हे सॉफ्टवेअर मुख्यतः संस्थांसाठी असल्याने घरगुती संगणकांना या बिघाडाची झळ क्वचितच लागली. ते विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, काम करते व संगणक सुरू होतानाच कार्यरत होते. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. कर्नेलमध्ये चूक झाल्यास मात्र संपूर्ण विंडोज थांबते आणि निळा पडदा दिसतो. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ वाजता प्रसृत झालेल्या २९१ क्रमांकाच्या फाइलमधील एक नियम एकविसावा माहिती-घटक तपासत असे. प्रत्यक्षात २० घटकच पुरवले जात होते. एकविसावा शोधताना सॉफ्टवेअरने नेमून दिलेल्या मेमरीबाहेर वाचन केले आणि प्रणाली कोसळली. ७८ मिनिटांनी, १०:५७ वाजता, ती फाइल मागे घेण्यात आली.

संगणक पूर्ववत करणे

फाइल मागे घेतल्याने आधीच बंद पडलेल्या संगणकांना लाभ झाला नाही. संगणक सुरू होई, सदोष फाइल वाचे आणि इंटरनेटशी जोडला जाण्यापूर्वीच कोसळे. त्यामुळे दुरुस्त फाइल त्याच्यापर्यंत पोहोचेना. काही संगणक वारंवार सुरू केल्यावर, क्वचित पंधरा वेळा, ती फाइल वेळेत उतरवू शकले. उरलेल्यांपाशी कोणीतरी प्रत्यक्ष जाणे भाग होते.

उपाय अवघड नव्हता. संगणक 'सेफ मोड'मध्ये किंवा विंडोजच्या दुरुस्ती-व्यवस्थेतून सुरू करायचा, 'ड्रायव्हर्स' फोल्डरमधील 'क्राउडस्ट्राइक' हे उपफोल्डर उघडायचे, 'सी-०००००२९१' या अक्षरांनी सुरू होणारी फाइल काढून टाकायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एका संगणकाला काही मिनिटे पुरत. हजारो संगणकांच्या संस्थेत हेच काम कित्येक दिवस चाले.

खरी अडचण वेगळीच होती. चोरीपासून संरक्षण म्हणून अनेक संस्थांनी डिस्कवर 'बिटलॉकर'चे कुलूप लावलेले होते. ते उघडण्यास प्रत्येक संगणकाची स्वतंत्र ४८ अंकी किल्ली लागते, आणि काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपलेल्या होत्या तेच बंद पडले होते. किल्लीची प्रत त्याच व्यवस्थेबाहेर ठेवलेल्या संस्था लवकर सावरल्या. मायक्रोसॉफ्टने पुढे ही फाइल काढून टाकणारे साधन पेनड्राइव्हवर चालेल अशा रूपात दिले.

फाइल काढण्याचा हा उपाय केवळ याच बिघाडाचा आहे. विंडोजच्या नेहमीच्या अपडेटनंतर संगणक सुरू न झाल्यास ड्रायव्हरच्या फाइल अंदाजाने काढू नयेत. दुरुस्ती-व्यवस्थेतील 'अनइन्स्टॉल अपडेट्स' किंवा 'सिस्टम रिस्टोर' हे पर्याय वापरावेत.

भारतातील परिणाम

विमान कंपन्यांची आरक्षण व चेक-इन यंत्रणा विस्कळीत झाली आणि काही विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. बँकांचे व्यवहार बहुतांशी सुरळीत राहिले. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार केवळ १० बँका व बिगर-बँकिंग वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले.

नंतरचे बदल

२९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के संगणक पूर्ववत झाल्याचे क्राउडस्ट्राइकने कळवले. अशा फाइल सर्वांना एकाच वेळी न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत कंपनीने स्वीकारली. ती आधीच असती तर नुकसान पहिल्या टप्प्यापुरते राहिले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'क्विक मशीन रिकव्हरी' ही सुविधा जाहीर केली. तीत सुरू न होणारा संगणक दुरुस्ती-व्यवस्थेतूनच इंटरनेटशी जोडला जातो आणि उपाय स्वतः मिळवतो.